गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी एमआरआयवर कूर्चेची इजा कशी मोजायची

कूर्चेवर (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरावर) शस्त्रक्रिया करायची की नाही आणि केली तर कोणती, हे ठरवताना एमआरआयकडून चार गोष्टी कळायला हव्यात: इजा नेमकी कुठे आहे, किती खोल आहे, किती चौरस सेंटिमीटर आहे आणि तिच्या खालचं हाड कसं आहे. रिपोर्टमध्ये नुसतं ‘आतल्या बाजूची कूर्चा पातळ झाली आहे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून कोणतीच शस्त्रक्रिया निवडता येत नाही. हे चारही तपशील रुग्णाने लिहून मागावेत, सर्जनला त्यांची गरज आहे.

आधी एक्स-रे, तोही उभं राहून

एमआरआय आडवं झोपून होतो. गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे पाय किती वाकला आहे, चालताना भार कुठल्या बाजूला पडतो हे त्यात दिसत नाही. म्हणून आधी तीन एक्स-रे लागतात: दोन्ही पायांवर सरळ उभं राहून एक, गुडघे ४५ अंशांत वाकवून उभ्यानेच मागून पुढे घेतलेला दुसरा, आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब तिसरा. दुसरा एक्स-रे बऱ्याचदा घेतला जात नाही. मांडीच्या हाडाच्या मागच्या भागातली झीज सरळ पायाच्या एक्स-रेमध्ये लपते आणि या दुसऱ्यात उघड होते.

उभ्याच्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसत असेल आणि वेदनाही तशीच असेल, तर संपूर्ण सांधा बदलण्याचा निर्णय घ्यायला सहसा एमआरआय लागत नाही. काही सर्जन रुग्णाच्या मापाची कापणी-साधनं बनवून घेतात, त्यासाठी एमआरआय किंवा सीटी लागू शकतो, पण त्याची पद्धत वेगळी असते आणि ती आधीच सेंटरला कळवावी लागते. एमआरआयचा खरा उपयोग तरुण किंवा मध्यमवयीन गुडघ्यात होतो: खेळताना किंवा अपघातात मार लागलेला, वाटी निसटलेली, सांधा मध्येच अडकणारा, किंवा अर्धाच सांधा बदलायचा विचार असलेला.

स्कॅन कसा करून घ्यायचा

मांडीच्या हाडावरची कूर्चा साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड असते. वाटीमागची कूर्चा शरीरात सर्वांत जाड, काही जणांत ५ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा थरातली चीर दिसायची तर चित्र बारीक हवं. म्हणून मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं असावं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) आणि गुडघ्यासाठीची वेगळी कॉइल, म्हणजे गुडघ्याभोवती बसणारी सिग्नल टिपणारी चौकट, वापरावी. उघड्या, कमी ताकदीच्या मशीनमध्ये घुसमट होत नाही हे खरं, पण अर्धवट खोलीच्या चिरा त्यात निसटतात आणि चरबीचा सिग्नल नीट दाबला जात नाही. गुडघ्याच्या स्कॅनमध्ये पाय आधी आत जातात आणि डोकं बहुतेक वेळा बाहेरच राहतं, त्यामुळे घुसमटीच्या भीतीने उघडं मशीन निवडण्याआधी हे सेंटरला विचारून घ्यावं.

सर्जनने चिठ्ठीवर आणि तंत्रज्ञाने मशीनवर पाहायच्या गोष्टी अशा: काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, चित्राचं क्षेत्र १४ ते १६ सेंटिमीटर, चरबीचा सिग्नल दाबलेला प्रोटॉन डेन्सिटी सिक्वेन्स (सिक्वेन्स म्हणजे चित्र घेण्याची एक पद्धत) तिन्ही दिशांना, आणि हाडासाठी निदान एका दिशेला टी१ हा दुसरा सिक्वेन्स. प्रोटॉन डेन्सिटीचा टीई (सिग्नल टिपण्याआधी मशीन थांबतं तो वेळ) ३५ ते ४५ मिलिसेकंदांच्या दरम्यान असावा. यामागचं कारण पुढे येतं. नेहमीच्या तपासणीला शिरेतून गॅडोलिनियम या चित्राला उठाव देणाऱ्या द्रव्याचं इंजेक्शन लागत नाही.

चिठ्ठीवर लक्षण नेमकं लिहा. जिना उतरताना पुढे दुखतं, तर वाटी आणि तिची खाच (मांडीच्या हाडावरची, जिच्यात वाटी सरकते ती) नीट पाहिली जाईल. उकिडवं बसताना मागे दुखतं, तर मांडीच्या हाडाचा मागचा भाग. नुसतं ‘गुडघेदुखी’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच दिशा मिळत नाही.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर आधी सांगणं अत्यावश्यक आहे. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का तेही सांगावं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांच्या पिना, साडीच्या पिना सगळं बाहेर. आधीच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा धातूचा स्क्रू असेल तर तंत्रज्ञाला ठाऊक हवा, कारण तेव्हा नेहमीच्या चरबी दाबण्याच्या पद्धतीऐवजी स्टर सिक्वेन्स (चरबी दाबण्याची दुसरी पद्धत) आणि मोठी बँडविड्थ (सिग्नल टिपण्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वापरावी लागते. एरवी स्क्रूभोवती काळा डाग पडतो आणि शेजारची कूर्चा झाकली जाते. स्कॅन २० ते ३० मिनिटं चालतो. पाय हलला की सगळ्या बारकाव्याचं पाणी होतं, म्हणून गुडघ्याभोवती फोमचे पॅड घट्ट बसवून घ्यावेत आणि दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून आधी वेदनाशामक घ्यावं.

चित्र वाचताना

चरबी दाबलेल्या प्रोटॉन डेन्सिटीमध्ये सांध्यातलं पाणी पांढरंशुभ्र, कूर्चा मधल्या करड्या रंगाची आणि निरोगी हाड गडद दिसतं. कूर्चेत चीर असेल तर पाणी तिच्यात शिरतं आणि करड्या थरात पांढरी रेघ उमटते. ही रेघ किती खोल जाते यावर श्रेणी ठरते. आयसीआरएस या कूर्चा-दुरुस्तीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत वरवरचा मऊपणा किंवा खरचटणं ही श्रेणी १, जाडीच्या निम्म्याहून कमी खोल इजा २, निम्म्याहून जास्त ३, आणि थेट हाडात गेलेली ४. काही रिपोर्टांत आउटरब्रिजची श्रेणी असते. ती १९६१ मध्ये वाटीच्या कूर्चेसाठी आली आणि तिच्या मूळ रूपात २ आणि ३ मधला फरक खोलीवर नसून रुंदीवर होता. म्हणून आकड्यासोबत कोणती पद्धत वापरली तेही लिहिलेलं असावं. श्रेणी १ च्या बाबतीत एमआरआयवर फार भिस्त ठेवू नये, मऊ पडलेली पण न फाटलेली कूर्चा त्यात सहज निसटते. कूर्चा हाडापासून सुटून जागेवरच पडून राहिलेली असेल, तर तीही फसवते.

वाटी आणि तिची खाच आडव्या कापांत, मांडीच्या हाडाचे दोन्ही गोल भाग आणि नडगीचा माथा उभ्या कापांत पाहायचा. खाचेतली इजा सगळ्यांत जास्त निसटते, कारण तो पृष्ठभाग वक्र आहे आणि एकाच दिशेत पाहिला तर कडा धूसर होतात. एका कापात दिसलेली इजा दुसऱ्या दिशेतही दिसली, तरच ती खरी मानावी.

फसवणाऱ्या काही गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. कूर्चेतले कोलॅजेनचे तंतू मुख्य चुंबकक्षेत्राशी सुमारे ५५ अंशांत आले की टीई कमी असताना तिथला सिग्नल खोटाच उजळतो. म्हणूनच टीई ३५ च्या वर ठेवायचा. चरबी आणि पाणी यांच्या सिग्नलमधल्या फरकामुळे हाडाची कड एका बाजूला जाड आणि तिथली कूर्चा पातळ भासते. बँडविड्थ वाढवली की हे कमी होतं. गुडघ्यामागच्या धमनीच्या ठोक्यांचे डाग कूर्चेवर आडवे पसरतात, तेव्हा फेज एन्कोडिंगची दिशा (असे डाग ज्या दिशेने पसरतात ती) बदलून तो सिक्वेन्स पुन्हा घ्यावा लागतो.

क्षेत्रफळ

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि शस्त्रक्रियेची निवड याच आकड्यावर टेकलेली असते. पुढून मागची लांबी बाजूच्या कापात मोजा, रुंदी समोरच्या कापात. समोरची चित्रं नीट आली नसतील तर बाजूचे काप मोजा: ३ मिलिमीटरचा काप, मध्ये ०.३ ची फट आणि इजा सलग ५ कापांत दिसते, म्हणजे रुंदी अंदाजे १६ मिलिमीटर. लांबी १८ असेल तर १८ गुणिले १६ म्हणजे २८८ चौरस मिलिमीटर, जवळपास २.९ चौरस सेंटिमीटर. हाडाच्या गोलाईवर सरळ पट्टी लावू नका, वळणाला धरून मोजा, नाहीतर मागच्या भागातली इजा लहान दिसते.

तरीही प्रत्यक्षात खड्डा बहुधा मोठाच निघतो. सर्जन कडेची फाटकी, सैल कूर्चा खरवडून भक्कम किनारीपर्यंत जातो आणि तो भाग एमआरआयवर ‘चांगला’ वाटलेला असतो. म्हणून २ चौरस सेंटिमीटरच्या उंबरठ्यावरची इजा मोठी समजूनच तयारी ठेवावी. त्याहून लहान आणि हाड शाबूत असलेल्या इजेत मायक्रोफ्रॅक्चरचा, म्हणजे हाडाला बारीक छिद्रं पाडून तिथे नवा थर येऊ देण्याचा, विचार होतो. मध्यम इजेत, विशेषतः खालचं हाडही बिघडलेलं असेल तर, सांध्याच्या कमी भाराच्या जागेतून हाड-कूर्चेचे खुंट काढून बसवतात. मोठ्या इजेसाठी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवतात. त्याला बहुधा दोन शस्त्रक्रिया लागतात आणि मध्ये काही आठवडे जातात.

हाड आणि आजूबाजू

कूर्चेखालच्या हाडात पांढरा ढग दिसला तर तिथे भार किंवा मार सोसला जातो आहे. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर नुसत्या वरच्या थराच्या दुरुस्तीने भागत नाही. तरुणांत हाडाचा तुकडा कूर्चेसकट सुटत असेल, तर तुकड्याखाली पांढरी पाण्याची रेघ आहे का हेच आधी बघायचं. ती असेल तर तुकडा सैल आहे. सुटून गेलेला तुकडा वाटीच्या वरच्या पिशवीत आणि गुडघ्यामागे पोप्लिटिअस स्नायूच्या कंडराभोवती शोधा.

मेनिस्कस ही कूर्चेहून वेगळी गादी आहे आणि तिचं मूळ फाटलं असेल तर भार पेलायला ती उरत नाही. ती कडेबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर तसं लिहिलेलं हवं. पुढचं लिगामेंट तुटलेलं ठेवून, किंवा पाय वाकडा असताना, फक्त कूर्चा भरली तर नवी कूर्चाही त्याच जागी पुन्हा झिजते. वाटी निसटण्याचा त्रास असेल तर खाच आणि नडगीचा उंचवटा यांतलं आडवं अंतर मोजून घ्या. २० मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे वाटीची वाट बदलावी लागण्याची शक्यता. हे अंतर एमआरआयवर सीटीपेक्षा थोडं कमी भरतं.

डॉक्टरांकडे जाताना छापलेल्या फिल्मसोबत डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) असलेली सीडी किंवा लिंक न्या. फिल्मवर निवडक काप असतात आणि मोजमाप करता येत नाही. स्कॅननंतर पुन्हा मार लागला असेल, सांधा नव्याने अडकायला लागला असेल किंवा बरेच महिने उलटले असतील, तर तारीख दाखवून तो पुन्हा करायचा का ते विचारा. आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: दुर्बिणीतून पाहिल्यावर इजा एमआरआयपेक्षा मोठी किंवा खोल निघाली, तर त्याच भुलीत काय करायचं आणि काय पुढच्या वेळेसाठी ठेवायचं.