या चुका टाळा : विहीर आणि बोअरचं पाणी नासतं ते आपल्याच हातानं

सगळ्यात मोठी चूक चांगल्या हेतूनं होते. पावसाळ्याच्या तोंडावर बोअर पुनर्भरण करायचं, म्हणजे पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायचं म्हणून केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाला) भोकं पाडतात, भोवती खड्डा घेऊन दगड, खडी, वाळू भरतात आणि शेतातला चर थेट त्यात सोडतात. पहिल्या मोठ्या सरीला गढूळ पाणी घळाघळा आत उतरतं आणि सगळे खूश होतात. पण त्या पाण्यात आठ दिवसांपूर्वी कपाशीला टाकलेला युरिया असतो, तणनाशक असतं, बांधावरचं शेण असतं. वाळू गाळ अडवते, खता-शेणातून पाण्यात विरघळलेलं नायट्रेट नाही. एरवी हेच पाणी मातीतून झिरपताना मुळं आणि जीवाणू त्यातलं बरंच वापरून टाकतात. केसिंगला भोक पाडलं की ती पायरीच उरत नाही. त्यात आपला काळा कातळ भेगांतून पाणी नेतो, गाळत नाही. वरच्या शिवारात सोडलेलं पाणी खालच्या पाड्याच्या हातपंपाला लागू शकतं, आणि वास, रंग, चव कशानंच ते कळत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढं धोका सगळ्यात जास्त बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला : रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, ओठ-नखं निळी पडतात. पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

बोअरमध्ये फक्त छताचं पाणी सोडा, तेही पहिले दोन-तीन पाऊस बाहेर काढून आणि गाळूनच. शेताचं पाणी शेततळ्यात किंवा बोअरपासून लांबच्या चरात जिरू द्या. एका हंगामात पातळी वाढलेली दिसावी ही घाई इथं महागात पडते.

दुसरी चूक ठिबकची. व्हेंच्युरीतून (पाण्याच्या ओढीनं खत पाइपात खेचणाऱ्या नळकांड्यातून) खत चालू असताना लाइट जाते, पाइपातलं पाणी मागे फिरतं आणि टाकीतलं खत विहिरीत उतरतं. मोटरीतला वॉल्व्ह आहे ना, म्हणून बसू नका. त्यात खडा अडकला की तो घट्ट मिटत नाही. मोटर आणि व्हेंच्युरीच्या मध्ये वेगळा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारा) आणि एअर वॉल्व्ह (हवा आत घेऊन उलटी ओढ तोडणारा) बसवा. खत देताना माणूस जागेवर हवा. आधी खताचा कॉक बंद, मग साधं पाणी चालवून लाइन धुवा, मोटर शेवटी बंद.

विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) अंदाजानं मूठभर टाकू नका. १००० लिटरला २.५ ग्रॅम लागते. विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर, म्हणजे साधारण २८,००० लिटर, ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, चुना दहा मिनिटं खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली वर-खाली हलवा. तासभर उपसा नको. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. टीसीएलनं जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं.

फवारणीचा पंप विहिरीच्या कठड्यावर धुवू नका. तीनदा विसळा, विसळलेलं पाणी त्याच पिकावर फवारा.

शोषखड्डा आणि उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर, उताराच्या खालच्या अंगाला. भेगाळ कातळात हे अंतर कमीच पडतं, आणखी लांब न्या.

हातपंपाचा ओटा फुटला असेल तर सांडपाणी केसिंगच्या कडेनं सरळ खाली जातं. आधी ओटा दुरुस्त करा, मग पाण्याचा नमुना तपासणीला द्या.