पावसाळ्यानंतर पोराची बॅटरीवाली बाइक हलेना? नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

पाऊस उघडला की ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे, पोडियमवर दरवर्षी तेच. चार महिने गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली पडून असलेली इलेक्ट्रिक बाइक बाहेर निघते, पोरगं हौसेने बसतं, रेस पिळतं आणि गाडी ढिम्म. मग शेजारचे काका सांगतात मोटर गेली. मोटर एवढी सहजासहजी जात नाही हो, बहुतेक वेळा बॅटरीच बसलेली असते. पण तरी थेट दुकान गाठू नका, आधी थोडं तपासा, नाहीतर नवीन बॅटरी लावूनही गाडी उभीच.

पडून राहिल्याने बॅटरी का जाते? ह्या गाड्यांत बहुतेक सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटरी असते, छोट्या गाडीत 6 व्होल्ट 4.5 एएच (अ‍ॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), त्याहून मोठ्या गाडीत 12 व्होल्ट 7 एएच, आणि मोठ्या पोरांच्या डर्टबाइकमधे 12 च्या दोन जोडून 24 व्होल्ट. ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरत जाते, आणि उतरलेली तशीच राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर बसून कडक होतो, मग रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी हिरवा दिवा दिसेल पण दम काही नसतो.

आता तपासणी. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लागेल, साधा चालतो, डीसी व्होल्टवर ठेवा (12 साठी 20 ची रेंज, 24 साठी 200 ची). पहिलं म्हणजे चार्जर. गाडीला न जोडता त्याच्या पिनवर मोजा, 12 व्होल्टवाला साधारण 14 च्या आसपास दाखवतो, 24 वाला 28-29. शून्य आलं तर बहुतेक चार्जरच गेलाय, बॅटरीवर राग काढू नका. चार्जर ठीक असेल तर सीट काढा, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा आणि कोणालातरी चार्जर लावायला सांगा, आकडा वर सरकायला पाहिजे. हललाच नाही तर मधली वायर, चार्जिंग सॉकेट किंवा फ्यूज बघा. खाडीच्या दमट हवेत सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, हे कोणी बघतच नाही. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा टाका, तिथे तार गुंडाळायची भारतीय सवय ह्या गाडीत नको, पोरगं बसतं त्याच्यावर.

अजून एक, ब्रेकच्या लिव्हरला आतून स्विच असतो (मोठ्या गाड्यांत हमखास), ब्रेक दाबला की मोटरचा करंट कापतो. लिव्हर अर्धवट अडकला तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलाय. लिव्हर हाताने पूर्ण बाहेर ढकला, मागचं चाक उचलून धरा, चाकापासून बोटं लांब ठेवा आणि हळू रेस द्या. चाक हवेत मस्त फिरतं पण पोरगं बसलं की मान टाकतं, असं असेल तर संशय सरळ बॅटरीवर.

पक्कं करायला चार्ज करून दोन-तीन तास नुसती ठेवा आणि मोजा. 12 ची चांगली बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवते, 12 किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, मेलेली बॅटरीसुद्धा वरवर 12.6 दाखवते! खरी परीक्षा लोडवर. मोटरसायकलच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट 35 वॅटचा बल्ब वायरने जोडा, साधारण 3 अ‍ॅम्पिअर खेचतो, आणि मीटरवर नजर ठेवा. चांगली असेल तर आकडा थोडा खाली येऊन टिकतो, गेलेली असेल तर बघता बघता 11 च्या खाली घसरते आणि बल्ब लाल पडतो. बल्ब जाम तापतो, पोरांना लांब ठेवा. बॅटरी फुगली असेल किंवा अ‍ॅसिड झिरपलं असेल तर टेस्टबिस्ट काही नको, बदलाच.

घेताना खेळण्यांच्या दुकानात जाऊ नका. 12 व्होल्ट 7 एएच म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमधे असते तीच, 151 बाय 65 बाय 94 मिलीमीटर, स्टेशनजवळ किंवा वाशीत कुठल्याही इन्व्हर्टर बॅटरीवाल्याकडे मिळते. एक्साइड, अमरॉन दोन्हींची येते. तिथेच मीटर लावायला सांगा, 12.5 च्या खाली असेल तर जुना स्टॉक आहे, दुसरी मागा. टर्मिनलची पट्टी बघा, एफ-1 असेल तर 4.8 मिमी, एफ-2 असेल तर 6.3, तुमच्या वायरची क्लिप त्यावर घट्ट बसली पाहिजे, ढिली राहिली की तापते. 9 एएच त्याच मापात मिळते, चालते, फक्त चार्जिंगला वेळ जास्त. पण व्होल्ट वाढवायचा शहाणपणा नको, 6 च्या गाडीत 12 टाकली की प्लास्टिकचे गिअर सोलवटून निघतात. आणि लेड अ‍ॅसिडच्या चार्जरवर लिथियम तर अजिबात नाही, आग लागू शकते.

बसवताना आधी मोबाइलवर वायरिंगचा फोटो काढा. निगेटिव्ह आधी सोडवा, लावताना शेवटी लावा. 24 वाली असेल तर एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, उरलेली दोन टोकं गाडीला, आणि दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. पैसे वाचवायला एकच नवीन टाकली तर जुनी आधी उतरते आणि तिच्या नादाने नवीनही लवकर जाते. वायर उलटी लागली तर कंट्रोलर (मोटरला करंट सोडणारं सर्किट) क्षणात उडतो, मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची फेरी आलीच. फोम होता तिथेच परत लावा, नाहीतर पेव्हर ब्लॉकवरून जाताना बॅटरी आत आपटत राहते.

पहिल्यांदा पूर्ण चार्ज करूनच पोराच्या हातात द्या. 1 अ‍ॅम्पिअरच्या चार्जरवर 7 एएचला आठ-दहा तास धरा, आणि स्वस्तातले चार्जर आपोआप बंद होत नाहीत तेव्हा मोबाइलवर गजर लावा. पुढच्या पावसाळ्यात चालवत नसलात तरी महिन्यातून एकदा चार्जिंग, बस.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत शिसं आणि अ‍ॅसिड आहे, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती रिसायकलिंगलाच जायला हवी. नवीन घेताना त्याच दुकानदाराला द्या, शिशाला भाव असतो, बिलातून काहीतरी कमी करतोच, फक्त भाव ठरवायच्या आधी जुनी बॅटरी काउंटरवर ठेवा.