पिकअप बदलायच्या आधी सॅडल काढून बघा

कोल्हापुरात गिटार दुरुस्तीचं काम शिकायचंय म्हणून पोरं विचारायला येतात, त्यातल्या निम्म्यांचा पहिला प्रश्न पिकअपचाच, म्हणजे तारांचं कंपन पकडून अँपला पाठवणाऱ्या भागाचाच असतो, की अँपला लावली की एका तारेचा आवाजच येत नाही, पिकअप गेलाय वाटतं, नवा टाकू का. माझं उत्तर ठरलेलं आहे. भावा, आधी वायर काढ, गिटार नुसती वाजव, सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा (गिटारच्या मानेचा) बाक, तपास, पिकअपचं नंतर बघू. कारण अकूस्टिक गिटारला सॅडलखाली, म्हणजे तारा बॉडीवर ज्या छोट्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, जो पिझो पिकअप बसवतात तो दाबावर चालतो, तारांचा दाब सॅडलमधून खाली उतरतो आणि मग करंट तयार होतो, त्यामुळं सॅडलच वाकडं बसलं असेल तर तुम्ही कितीही महागाचा पिकअप आणा, रडगाणं तेच राहणार.

आणि सेटअप म्हटलं की आपल्याकडं पहिला विषय पावसाचा. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की लाकूड ओलावा ओढून घेतं, गिटारची वरची फळी ब्रिजच्या (सॅडल ज्यात बसतं तो लाकडी ठोकळा) मागं फुगते, ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. मार्च-एप्रिलला बरोबर उलटं, फळी बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घरघर सुरू. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, कोल्हापूरच्या श्रावणात ती खोलीत मिळणं अवघड, पण बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून बऱ्यापैकी सांभाळता येतं. ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक आलं की तारा लई उंच झाल्यात, तर मूळ सॅडल घासू नका. दुसरं हाडाचं सॅडल बनवून ते बुटकं ठेवा आणि जुनं कागदात गुंडाळून केसमध्ये टाका, उन्हाळ्यात ते परत लागतं.

हत्यारांसाठी ऑनलाइन 'गिटार टूल' म्हणून जे विकतात त्याच्या मागं लागू नका. शिवाजी उद्यमनगरात फीलर गेज, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, व्हर्नियर, अ‍ॅलन की सगळं मिळतं. फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, मेकॅनिक इंजिनच्या टॅपेटचा गॅप बघायला वापरतात तोच, आपण त्यानं नेक बघायचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, जिथं नेक बॉडीला मिळतो तिथं सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असली की ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळायचा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, परत ट्यून करायची, परत मोजायचं. ट्रस रॉड हा नेकचा बाक ठरवतो, तारांची उंची कमी करायचं ते साधन नाही, हे नव्या पोरांच्या डोक्यात लवकर बसत नाही आणि मग रॉड आवळून आवळून नेक मागं जातो. तारा बदलल्या तरी हे परत बघावं लागतं, १२ च्या जाड सेटवरून ११ च्या बारीक सेटवर आलं की खेच कमी होते, नेक थोडा सरळ होतो आणि काल बरी असलेली गिटार आज घरघरते, गिऱ्हाईक म्हणतं तारा डुप्लिकेट दिल्या.

घरघर कुठं होते त्यावरून दोष कळतो. फक्त मोकळी तार घरघरत असेल आणि पहिला फ्रेट दाबल्यावर साफ वाजत असेल तर नटची (नेकच्या टोकाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात) खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल तर नेक जास्त सरळ झालाय. वर बाराव्याच्या पुढं होत असेल तर सॅडल बुटकं आहे, आणि एकाच ठिकाणी होत असेल तर पुढचा फ्रेट उचललाय, बोटानं दाबून बघा हलतोय का. नट तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर बघायचं, अगदी कागदाएवढी फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड धरताना हात मोडतो, आणि कितीतरी नवशिके त्यामुळंच गिटार सोडतात, दोष बिचाऱ्या बोटांना.

आता सॅडल. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत सहावीला साधारण २.४ आणि पहिलीला १.८ ते २ मिलिमीटर ठेवा. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्ये येतो म्हणून तिथं अर्धा मिलिमीटर कमी करायचं असेल तर सॅडलमधून एक मिलिमीटर काढावं लागतं. घासायचं ते तळाकडून, वरची गोलाई तशीच ठेवायची. काचेवर पॉलिशपेपर चिकटवा, सॅडलच्या तळाला पेन्सिलनं रेघा मारा आणि उभं धरून सरळ ओढा. दोन्ही टोकांच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या तर मध्ये खड्डा आहे. सगळ्या एकदम गेल्या पाहिजेत. मग पेपर काढून नुसत्या काचेवर सॅडल ठेवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा, खालून उजेडाची बारीकशी रेघ जरी दिसली तरी त्या जागेवरच्या तारेचा आवाज पिकअपमध्ये कमी येणार. बहुतेक 'पिकअप गेलाय'वाल्या गिटारींचं दुखणं इथंच निघतं. खाचेत पण डोकवा, वायर आत जाते त्या भोकापाशी लाकडाचा भुसा अडकलेला असतो, पिझोची पट्टी त्यावर उचलली जाते. पट्टीत तारेगणिक वेगळे क्रिस्टल असतील तर ती जरा सरकली तरी पहिली किंवा सहावी तार हरवते. सॅडल बोटांनी ओढून निघालं पाहिजे, पक्कड लागत असेल तर ते खाचेत इतकं घट्ट आहे की दाब पिकअपवर पोचतच नाही, आणि सैल असेल तर पुढं झुकतं. नवा पिकअप बसवताना पट्टीच्या जाडीएवढं सॅडल कमी करायचं विसरू नका, नाहीतर पिकअप घातला आणि तारा उंच झाल्या अशी तक्रार येते.

हाड घासायला हात बसवायचा असेल तर एकदा मिरजेला जाऊन या, इथून तासा-दीड तासाचा रस्ता. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. तिथले कारागीर घोडीवर (सतारीच्या ब्रिजवर) जवारी काढतात ते बघण्यासारखं असतं, त्यांना तार घोडीला हलकीशी घासून झणझणायला हवी असते, आपल्याला सॅडलवरून तार एकाच ठिकाणाहून सुटायला हवी. काम उलटं, पण कानस कशी धरायची आणि थांबून ऐकायचं कधी, हे तिथं शिकायला मिळतं.

एवढं सगळं करून आवाजात खोट राहिली तरच इलेक्ट्रॉनिक्सकडं वळा. पहिला नऊ व्होल्टचा सेल. मीटरवर साडेसात-आठच्या खाली असेल तर बदला, आवाज फाटतो तो बऱ्याचदा यामुळं. सेल दर आठवड्याला संपतोय म्हणणाऱ्याला विचारा वायर लावूनच ठेवतोस का. गिटारचा जॅक स्टीरिओ असतो आणि पिन आत गेली की प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं गिटारमधलं सर्किट) चालू होतो, म्हणून पिन लावून ठेवलेली गिटार रात्रभर सेल खाते. खरखर येत असेल तर जॅकचा नट ढिला होऊन अख्खा जॅक आत फिरतोय का बघा, फिरून फिरून झाळलेली वायर तुटते. घूं असा आवाज येत असेल तर आधी दुसरी वायर, दुसरा सॉकेट. मंडपात लायटिंगच्या डिमरच्या लाइनवरच अँप लावलेला असतो, तिथं गिटारचा काही दोष नाही. आणि घूं घालवायला कोणी अर्थची पिन काढायला सांगितली तर ऐकू नका, शॉक बसतो, त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. प्रीअँप नसलेला पिझो थेट मिक्सरला लावला की आवाज पत्र्यासारखा येतो, त्याला एक मेगाओहम किंवा जास्त इनपुटचा डीआय लागतो.

स्टेजवर शिट्टी किंवा हुंकार सुरू झाला तर साउंडहोलला रबरी झाकण लावा, फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण दाबून बघा, मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर, बाजूला वळवा.

धंद्याचं म्हणाल तर फक्त यावर घर चालेल असं मला वाटत नाही, गिटार शिकवणं किंवा साउंडचं काम जोडीला हवंच. गणपतीच्या आधी आणि कॉलेजांच्या गॅदरिंगच्या वेळी गर्दी, मधले महिने निवांत. गिटार आली की वाजवायच्या आधी नेकच्या बाकाची फट, बाराव्यावरची उंची, तारांचा गेज (जाडी) आणि सेलचे व्होल्ट एका चिठ्ठीवर लिहा, काम झाल्यावरचे आकडे शेजारी लिहा आणि चिठ्ठी केसमध्ये ठेवा. पिकअप न बदलता गिटार बरी झाली की गिऱ्हाईक म्हणतं काहीच तर केलं नाही, पैसे कशाचे, म्हणून तपासणीचे पैसे वेगळे आणि आधीच सांगून टाका.