टीना ब्रुक्सच्या रेकॉर्डी जमवताय? या चुका टाळा

"काका, टीना ब्रुक्स म्हणजे गायिका ना?"

नाही रे बाबा. हॅरल्ड फ्लॉइड ब्रुक्स, जन्म १९३२, नॉर्थ कॅरोलायनातलं फेएटव्हिल. लहानपणी चणीने छोटा म्हणून 'टीनी' म्हणायचे, त्याचं टीना झालं आणि तेच चिकटलं. टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. हार्ड बॉप या जॅझ शैलीच्या ऐन भरात, १९५८ ते १९६१ या तीन वर्षांत, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने स्वतःच्या नावाने चार अल्बम रेकॉर्ड केले. जिवंतपणी त्यातला एकच बाजारात आला. पुढे नशेने आणि आजारपणाने त्याला खाल्लं आणि १९७४ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये गेला.

मी न्यू जर्सीत राहतो. ब्लू नोटच्या रेकॉर्डी ध्वनिमुद्रित करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ जिथे आहे ते एंगलवुड क्लिफ्स माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. त्यामुळे आपल्या मंडळातल्या कोणाला जॅझचा किडा चावला की त्याला माझ्याकडे पाठवतात. येतात, चहा घेतात आणि दोन महिन्यांनी त्याच त्या चुका करून परत येतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

फक्त त्याच्या नावाच्या कप्प्यात शोधणं

दुकानात 'बी'चा कप्पा उलटापालटा करून "काही मिळालं नाही" म्हणत घरी येणारे पुष्कळ. मिळणार कसं? हा माणूस निम्म्याहून जास्त दुसऱ्यांच्या रेकॉर्डींवर आहे. जिमी स्मिथची 'द सर्मन' घ्या. एक बाजू भरून, वीस मिनिटं चाललेला ब्लूज, त्यात ली मॉर्गन, लू डोनाल्डसन आणि आपला टीना. केनी बरेलच्या 'ब्लू लाइट्स'चे दोन्ही भाग घ्या. फ्रेडी रेडची 'शेड्स ऑफ रेड' घ्या.

आणि सगळ्यात आधी ट्रंपेटवाल्या फ्रेडी हबर्डची 'ओपन सेसमी' घ्या. हबर्डचा हा पहिला अल्बम १९ जून १९६० रोजी रेकॉर्ड झाला. शीर्षकाची धून ब्रुक्सची, 'जिप्सी ब्लू'ही त्याचीच. सहा दिवसांनी, २५ जूनला, हबर्ड आणि बासवाला सॅम जोन्स पुन्हा त्याच स्टुडिओत आले, या वेळी ब्रुक्सच्या 'ट्रू ब्लू'साठी. कॅटलॉगमध्येही दोन्ही शेजारी बसल्यात, ४०४० आणि ४०४१. एक ऐकली आणि दुसरी नाही, तर अर्धीच गोष्ट ऐकली. सहा दिवसांत पियानोवर मकॉय टायनरच्या जागी ड्यूक जॉर्डन आला आणि ड्रम्सवर आर्ट टेलर बसला, तर टीनाचं बोलणं किती सैल, किती निवांत होतं ते दोन्ही पाठोपाठ लावल्याशिवाय कळत नाही.

'कनेक्शन'चा घोळ

जॅक गेल्बरच्या 'द कनेक्शन' या नाटकाचं संगीत दोन वेगळ्या रेकॉर्डींवर आहे. ब्लू नोटवरची (४०२७) फ्रेडी रेडची, तिच्यावर आल्टो सॅक्सोफोनवाला जॅकी मक्लीन आहे, ब्रुक्स नाही. नाटकात मक्लीनच्या जागी उभं राहायची वेळ आली तर म्हणून ब्रुक्सला ठेवलं होतं, एवढंच. ब्रुक्स आहे तो ट्रंपेटवाल्या हॉवर्ड मगीच्या, फेल्स्टेड कंपनीच्या रेकॉर्डीवर. तिच्यावर पियानो वाजवणारा 'आय. चिंग' म्हणजे खुद्द फ्रेडी रेडच, करारामुळे टोपणनावाने. चुकीची घेतलीत तरी रडू नका, मक्लीन छान वाजलाय.

पहिल्या प्रेसिंगचं, म्हणजे पहिल्या छपाईचं, वेड

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत.

नवशिक्याला पहिल्या दिवसापासून 'ओरिजिनल' हवं असतं. 'ट्रू ब्लू'ची अस्सल पहिली प्रत हजार डॉलरच्या वर सहज जाते, तरी हवीच. बरं, बाकीच्या तिघींचं काय? 'मायनर मूव्ह' रेकॉर्ड झाली मार्च १९५८ मध्ये, व्हॅन गेल्डरच्या हॅकेनसॅकच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. ट्रंपेटवर १९ वर्षांचा ली मॉर्गन, पियानोवर सॉनी क्लार्क, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. असला ताफा असूनही ती कपाटात पडून राहिली आणि पहिल्यांदा निघाली १९८० मध्ये, जपानमध्ये. वाजवणारा जाऊन सहा वर्षं झाली होती. 'बॅक टू द ट्रॅक्स'ला तर ४०५२ हा क्रमांक दिला होता, कव्हरही तयार होतं. शेजारची ४०५१ म्हणजे मक्लीनची 'जॅकीज बॅग' आली, ४०५२ आली नाही. ती आणि १९६१ ची 'द वेटिंग गेम' लोकांच्या हाती पडल्या त्या १९८५ मध्ये, मोझेइक कंपनीच्या चार रेकॉर्डींच्या पेटीत. म्हणजे चारांपैकी तिघींचं साठच्या दशकातलं प्रेसिंग जगात अस्तित्वातच नाही. ते शोधत फिरणाऱ्याला मी काय सांगू?

आता माझी गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका रेकॉर्ड मेळ्यात 'द सर्मन' दिसली. कव्हरवर ब्लू नोटचा वेस्ट ६३ स्ट्रीटचा पत्ता, म्हणजे जुनं. बाहेर काढली तर लेबलवर 'न्यूयॉर्क, यूएसए'. लिबर्टी कंपनीने १९६६ मध्ये ब्लू नोट विकत घेतल्यानंतर लेबलवर लिबर्टीचं नाव येऊ लागलं, एवढं मला ठाऊक होतं. ते नाव इथे नव्हतं. विक्रेता म्हणाला, "ओरिजिनल." मी मान डोलावली, १८० डॉलर मोजले आणि परतीच्या वाटेवर गाडीत एकटाच हसत होतो.

रविवारी एक जुने संग्राहक घरी आले. वयाने मोठे, बोलणं मोजकं. त्यांनी रेकॉर्ड कव्हरातून काढली, लेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरातला एकच दिवा ठेवला, रेकॉर्ड तिरपी धरली आणि लेबल व खाचा यांच्यामधली गुळगुळीत पट्टी हळूहळू फिरवत गेले. पूर्ण एक फेरी. मग दुसरी बाजू. मग मला विचारलं, "कान कुठाय?"

कान म्हणजे प्लास्टीलाइटची खूण. न्यू जर्सीतल्याच या कारखान्यात ब्लू नोटच्या रेकॉर्डी छापल्या जायच्या. त्या गुळगुळीत पट्टीत वळणदार 'पी' कोरलेला असतो, आडवा पाहिला की माणसाच्या कानासारखा दिसतो. लिबर्टीने कारखाना बदलला, कान गेला. पण जुनी लेबलं गठ्ठ्याने शिल्लक होती, ती नव्या कंपनीने फेकली नाहीत, नव्या रेकॉर्डींवर चिकटवली. कव्हरंही तशीच संपवली. म्हणजे माझं कव्हर जुनं, लेबल जुनं आणि रेकॉर्ड १९६६ नंतरची. त्यातून या रेकॉर्डीचं पहिलं लेबल वेस्ट ६३ चंच असायला हवं होतं, म्हणजे आतलं-बाहेरचं जुळत नाही हे मला मेळ्यातच दिसायला हवं होतं. हर्षवायू झालेल्या माणसाला काही दिसत नाही.

तेव्हापासून माझी सवय: आधी डेड वॅक्स, म्हणजे ती गुळगुळीत पट्टी, मग लेबल, कव्हर सगळ्यात शेवटी. खिशात छोटी टॉर्च असतेच. मोबाइलचा दिवा पसरट पडतो, त्यात कान हरवतो. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे पट्टीचा फोटो मागतो. "तसा फोटो येत नाही" म्हणणाऱ्याकडून घेत नाही.

तरी खरं सांगू? त्या प्रतीवर आरव्हीजीचा शिक्का होता, म्हणजे व्हॅन गेल्डरने स्वतः कापलेल्या मास्टरवरूनच ती निघाली होती. पुढे कानवाली प्रतही मिळाली. डोळे मिटून दोन्ही ऐकल्या तर कोणती कुठली ते मला आजही सांगता येत नाही. १८० डॉलर लेबलाचे गेले, संगीताचे नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ आजची चांगली छापील आवृत्ती घ्यावी. ब्लू नोटच्या टोन पोएट मालिकेत 'मायनर मूव्ह' आहे, 'द वेटिंग गेम' आहे, मूळ टेपवरून केविन ग्रे या अभियंत्याने कापलेल्या. त्या ऐकून ज्याला आनंद होत नाही त्याला कानवाल्या प्रतीनेही होणार नाही.

एकच सेशन तीनदा विकत घेणं

१ सप्टेंबर १९६० रोजी मक्लीन, ब्रुक्स आणि ब्लू मिचेल एकत्र वाजले. त्यातल्या तीन धुना 'जॅकीज बॅग'वर आल्या. उरलेल्यांतली 'स्ट्रीट सिंगर' पुढे 'बॅक टू द ट्रॅक्स'वर दिसते, जपानी 'स्ट्रीट सिंगर' या रेकॉर्डीवर दिसते आणि 'जॅकीज बॅग'च्या सीडीवर जादा म्हणूनही दिसते. माझ्याकडे ही धून तीनदा आहे. आता वहीत अल्बमच्या नावाऐवजी सेशनच्या तारखेने नोंद करतो. वहीतच. अॅपमध्ये नोंदी करणारे दर आठवड्याला किंमत किती वाढली तेच बघत बसतात.

किरकोळ, पण दर वेळी होणाऱ्या

मोनो की स्टिरिओ यावर रात्र जागवू नका. जी चांगल्या अवस्थेत मिळेल ती घ्या.

चकचकीत दिसते म्हणून चांगली, असं नसतं. त्या काळच्या जड हातांच्या प्लेअरांनी खाचा आतून घासलेल्या असतात आणि ते ट्यूबलाइटखाली दिसत नाही. ऐकूनच घ्या, तेही बाजूचा शेवटचा तुकडा. आतल्या खाचांत सॅक्सोफोन फाटला तर रेकॉर्ड खाली ठेवा.

युरोपातल्या 'दोन सीडीत चार अल्बम' छापाच्या स्वस्त आवृत्त्या दिसतील. तिथे १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डींवरचे हक्क संपलेत, म्हणून कोणीही छापतो. मूळ टेपचा उल्लेख नसेल तर ती दुसऱ्या सीडीचीच नक्कल समजा. गाडीत ऐकायला ठीक.

भांडी घासायचा साबण नको. विरलेलं धोतराचं कापडही नको, त्याचे धागे खाचांत बसतात. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश आणि सबुरी. सबुरी नसेल तर धूळ तशीच राहू द्या, ती कमी नुकसान करते.

"दिवाळीपर्यंत पूर्ण सेट झाला पाहिजे" म्हणणारा एक मुलगा होता. तीन महिन्यांत झालाही. सांताक्लॉजसारखी खोकी दारात. परवा त्याला विचारलं, 'थीम फॉर डोरिस' कशी वाटली? त्याने अजून 'ट्रू ब्लू'चं प्लास्टिकच फाडलं नव्हतं.

प्लास्टिकची कव्हरं

हे खास पुण्या-मुंबईकडच्यांसाठी. जाड, मऊ, वास येणारी पारदर्शक कव्हरं मिळतात ना, ती पीव्हीसीची. दिसायला झकास. उकाड्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात त्यांतून तेलकट अंश सुटतो आणि रेकॉर्डीवर धुरकट थर बसतो. पॉलिप्रॉपिलीनची, कुरकुर वाजणारी, स्वस्त दिसणारी घ्या. माझी 'शेड्स ऑफ रेड'ची जपानी प्रत दोन पावसाळे पुण्याच्या घरी, आईच्या कपाटात पीव्हीसीत राहिली. आणली, धुतली, पुन्हा धुतली. पहिल्या बाजूवर मक्लीन आणि टीना वाजवत असतात आणि मागे कोणीतरी सतत पापड तळत असतं. विकायची म्हटलं तर विकू कोणाला?