पातेरा जाळू नका, जांभ्या मातीत मुरवा

कोकणात पाऊस मुबलक पडूनही दिवाळीनंतर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन कोरडी पडते, कारण जांभ्या मातीतून पाणी झपाट्याने निचरते आणि जाताना चुना व पालाशही घेऊन जाते. माती आंबट होण्याचे मूळही तेच आहे. पाऊस कधी एकदम कोसळतो, तर कधी ऐन लावणीत ओढ देतो. अशा वेळी पिकाला तारतो तो मातीतील सेंद्रिय अंश, आणि तोच आपण दरवर्षी राब भाजताना, म्हणजे भाताची रोपे करायच्या जागेवर पातेरा (वाळका पालापाचोळा) पसरून जाळताना, धुरात घालवतो.

भाजणीमुळे तणाचे बी मरते, हे खरे आहे. मात्र दाढीच्या (रोपे वाढवायच्या) वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळली, तर तिच्यातील सिलिकामुळे तरवा (भाताची रोपे) जोमदार होतो. तण हाताने काढावे लागते, एवढीच काय ती जास्तीची मेहनत. वाचलेला पातेरा, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पानांच्या डहाळ्या) आणि शेण खड्ड्यात कुजवावे.

मुख्य शेतासाठी गिरीपुष्पासारखा (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचे झाड) सोबती नाही. पावसाच्या सुरुवातीला त्याच्या जून फांद्यांचे तुकडे बांधावर लावावेत. झाडे वाढल्यावर लावणीपूर्वी आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो या प्रमाणात कोवळ्या फांद्या शेतात पसराव्यात. पाने गळून पडली की काटक्या चुलीसाठी उचलून घ्याव्यात आणि पाने चिखलणीत गाडावीत. चारसूत्री भातलागवड या चार सूत्रांच्या पद्धतीतील हे एक सूत्र आहे.

कापणी होताच उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा किंवा कडवा वाल पेरावा, म्हणजे जमीन उघडी राहत नाही आणि मुळांवरील गाठींमुळे नत्रही मिळते. खरी अडचण मोकाट गुरांची असते. ती एकट्याने सुटत नाही, वाडीने मिळून राखण ठरवावी लागते.

मातीचा आंबटपणा कमी करण्यासाठी चुना मात्र अंदाजाने टाकू नये. कापणीनंतर, खत घालण्यापूर्वी, आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो तपासणीस द्यावी आणि सामू (मातीच्या आंबटपणाचे माप) पाहूनच मात्रा ठरवावी.

आंबा-काजूच्या आळ्यात पातेऱ्याचे आच्छादन करताना खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. सुके आच्छादन वणव्याला लगेच बळी पडते, म्हणून उन्हाळा तापण्याआधीच बागेच्या कडेचे गवत कापून जाळरेषा काढून घ्यावी.