पन्नाशीनंतरच्या नडग्या

पन्नाशी उलटली आणि नडग्यांवरची कातडी खवल्यांसारखी सुटायला लागली. खाजवलं की पांढऱ्या रेघा. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत हा कोरडेपणा कसला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाबरोबर त्वचेतलं तेल कमी होतं. पाळी गेल्यावर पहिल्या 5 वर्षांत कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, सुमारे 30 टक्क्यांनी घटतं. आणि मी आपली साबणाने घासत बसलेले!

कढत पाणी बंद केलं. साबण फक्त काखेत, जांघेत. अंग ओलसर असतानाच कोकमाचं तेल लावते. गोळा घट्ट असतो, दिव्यावर जरा धरून मऊ करायचा. पंधरवड्यात खवले गेले. खळ्यात कोकमाची सोलं वाळवताना आता एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, दर 2 तासांनी. सासूबाई हसतात. हातावरचे तपकिरी डाग मात्र तसेच आहेत. ते इतक्या वर्षांच्या उन्हाचे, राहू देत.