काळ्या मातीवरचे घर : तड्यांना हात घालण्यापूर्वीची तयारी

मराठवाड्यातली आणि विदर्भातली जुनी गावे पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, वसली आणि शेती काळ्या मातीत, म्हणजे काळीत, झाली. पिकाला काळी आणि घराला पांढरी हा जुना व्यवहार होता, आणि तो अनुभवातून आलेला होता. पुढे गावठाणे भरली, गावालगतचे शिवार अकृषिक झाले, तिथे प्लॉट पडले आणि ज्या जमिनीत ज्वारी-कापूस होत असे त्याच जमिनीत जोती उभी राहिली. आज परभणीपासून अकोल्यापर्यंत आणि भीमाकाठच्या सोलापूर जिल्ह्यातही नव्या वसाहतींत घर पाच-सहा वर्षांचे होत नाही तोच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर उतरलेली दिसते. अशा चिरेवर सिमेंट लावण्याआधी घरमालकाने कोणती तयारी करावी, ती इथे क्रमाने लिहीत आहे. तिचा गाभा एवढाच की आधी माती समजून घ्यावी, मग पाणी आवरावे आणि भिंतीला हात सर्वांत शेवटी लावावा.

पहिली तयारी मनाची आहे, म्हणजे दुखणे कुठे आहे हे नीट ठरवण्याची. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडाले की आकसते. वैशाखात मोकळ्या रानात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, तीच क्रिया घराच्या कडेलाही चालू असते. फरक इतकाच की फरशीखालच्या मधल्या मातीला ऊन-पाऊस लागत नाही, तिच्यातली ओल फारशी बदलत नाही, आणि कडेची माती मात्र दरवर्षी खाली-वर होते. घर त्यामुळे मधोमध टेकलेले आणि कडांना हलते राहते. बहुतेक घरांत पाया स्वतः फुटलेला नसतोच. त्याच्याखालची जमीन हललेली असते, आणि भिंत ती हालचाल तड्याच्या रूपाने दाखवते.

दुसरी तयारी म्हणून एक वही करावी आणि घरातल्या प्रत्येक तड्याला क्रमांक द्यावा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, म्हणजे तो लांबतो आहे की थांबला आहे हे पुढे वाद न घालता कळते. रुंदी मोजायला तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू पक्का बसवावा आणि दर महिन्याच्या 1 तारखेला दोन स्क्रूंमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. कॅलिपर नसेल तर तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी. भिंत हलली की काच तडकते. काचेवर लावल्याची तारीख लिहायला विसरू नये. भारतीय मानकांच्या एसपी 25 या 1984 च्या मार्गदर्शिकेत 1 मिमीपेक्षा बारीक तडा पातळ, 1 ते 2 मिमीचा मध्यम आणि 2 मिमीपेक्षा मोठा तडा रुंद मानला आहे. मात्र काळ्या मातीवर रुंदीपेक्षा रुंदीतला बदल अधिक बोलका असतो. मे महिन्यात उघडणारा आणि ऑगस्टमध्ये मिटणारा तडा मातीचा असतो, हे वहीतली दोन पाने समोरासमोर ठेवली की लगेच लक्षात येते. म्हणून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा नोंदी झाल्याखेरीज कायमची दुरुस्ती करू नये, असे माझे ठाम मत आहे.

हे मत आमच्याच घरात तयार झाले. झोपण्याच्या खोलीतल्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला तडा आम्ही सलग तीन उन्हाळे भरून घेतला, आणि तिन्ही वेळा पुढच्या चैत्रात भरलेल्या पट्टीला अगदी खेटून नवी चीर उमटली. सिमेंटची पट्टी जशीच्या तशी घट्ट होती, शेजारची वीट फाटली होती. अखेर त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या चार फरश्या काढल्या तेव्हा खाली भरावाचा मुरूम, म्हणजे खडक झिजून झालेली भरड माती, निघालाच नाही. पाया खोदताना निघालेली काळी मातीच कंत्राटदाराने जोत्यात परत भरली होती, आणि तिच्यात व फरशीखालच्या काँक्रीटमध्ये बोट जाईल एवढी पोकळी पडली होती. तीन वर्षांची मजुरी आणि रंग वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या चार फरश्या पहिल्याच वर्षी काढता आल्या असत्या.

तड्याचे रूप वाचायला शिकणे ही तयारीतली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी दिवसाच्या उजेडात सगळ्या भिंती आतून-बाहेरून फिरून पाहाव्यात. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत जाणारा किंवा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघणारा तडा बहुधा पायाखालच्या असमान हालचालीचा असतो. तो वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर घराच्या कडा खाली गेल्याचा संशय घ्यावा, आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसल्याचा किंवा कडा उचलल्या गेल्याचा. याउलट कॉलम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर सरळ उभी जाणारी बारीक चीर दोन वेगळ्या वस्तूंच्या जोडाची असते. स्लॅबच्या लगेच खाली आडवी जाणारी चीर स्लॅब उन्हाने तापून सरकल्याची असते. आणि गिलाव्यावरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे केवळ गिलाव्याचे असतात. या तिघांचा पायाशी संबंध नसतो. कॉलमवर सळईच्या रेषेत उभा तडा असून त्यातून तांबूस डाग उतरत असतील तर सळई गंजलेली आहे, आणि ते दुखणे निराळे व तातडीचे आहे. दारे अडकू लागणे आणि फरशी व स्कर्टिंग यांत फट पडणे हीही वहीत लिहिण्याजोगी लक्षणे आहेत.

जुन्या मातीच्या जुडाईतल्या दगडी घरांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. तिथे तड्यापेक्षा भिंतीचा फुगवटा अधिक धोक्याचा, कारण भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांना सोडत असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे गेली. ओळंबा लावून भिंत बाहेर कललेली किंवा मध्येच फुगलेली दिसली तर नोंदी ठेवत वर्षभर थांबू नये. त्या खोलीत झोपणे बंद करून लगेच इंजिनिअरला बोलवावे.

पुढची तयारी पाण्याची, आणि निम्म्याहून अधिक घरांत खरी दुरुस्ती इथेच होते असे मला वाटते. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. आकडा सरकला किंवा पातळी उतरली तर कुठेतरी गळती आहे, आणि ती जोत्याजवळ असेल तर एकाच कोपऱ्यातली माती बारमाही फुगलेली राहते. मोरीचे पाणी ज्या चेंबरमध्ये जाते ते चेंबर, शौचकुपाची टाकी आणि गच्चीचे पन्हाळी पाइप यांची तोंडे उघडून पाहावीत. पन्हाळीचे पाणी भिंतीच्या बुडाशी न सोडता पाइपने निदान दोन-तीन मीटर लांब न्यावे. भिंतीला लागून केलेली कर्दळीची आणि मोगऱ्याची आळी मोडायला मन होत नाही, पण ती हलवावीत. झाडांच्या बाबतीत ठोकताळा असा की वड, पिंपळ, निलगिरी यांसारखे मोठे झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके दूर असावे, कारण उन्हाळ्यात त्याची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात. मात्र घराहून जुने झाड एकदम तोडणेही बरे नव्हे. मुळांनी कोरडी ठेवलेली माती त्यानंतर ओल धरून फुगू लागते.

यानंतर घराभोवती फरसबंदीची आखणी करावी. जोत्याला लागून एक ते दीड मीटर रुंद पट्टा, त्यातली वरची काळी माती काढून दाबून भरलेला मुरूम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि वर काँक्रीट, आणि सबंध पट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार, असे त्याचे स्वरूप असते. पट्टा आणि भिंत यांच्यातला सांधा सिमेंटने बुजवू नये. तो लवचिक सीलंटने भरावा, नाहीतर पट्टा हलताना भिंतीला ओढतो. हे काम खर्चाने लहान आणि परिणामाने मोठे आहे.

माती तपासण्यासाठी सोपी चाचणी आहे आणि ती प्रयोगशाळेत कशी होते हे माहीत असले की अहवाल समजतो. कोरडी माती 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून तिचे 10-10 ग्रॅमचे दोन भाग करतात. एक पाण्याने भरलेल्या आणि दुसरा रॉकेलने भरलेल्या 100 मिलीच्या मोजपात्रात टाकून 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या आकारमानातला फरक टक्क्यांत मांडला की मुक्त फुगवटा निर्देशांक मिळतो. आयएस 2720 या भारतीय मानकाच्या 40 व्या भागात ही पद्धत दिली आहे. निर्देशांक 50 च्या वर असेल तर माती चांगलीच फुगणारी समजावी. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. नमुना वरच्या थरातला न देता पायाच्या बुडाशी असलेल्या मातीचा द्यावा, आणि त्यासाठी भिंतीलगत उन्हाळ्यात एकच छोटा चाचणी खड्डा घ्यावा. काळी माती खड्ड्यात न सांगता ढासळते. दीड मीटरपेक्षा खोल जायचे असेल तर फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय मजुराला खाली उतरवू नये, आणि हे काम पावसात अजिबात काढू नये.

इंजिनिअरला बोलवण्याआधी मंजूर नकाशा, आर.सी.सी.चे ड्रॉइंग, बांधकाम चालू असतानाचे फोटो आणि तड्यांची वही एका जागी ठेवावी. पाया किती खोल गेला, खाली मुरूम लागला होता का, शेजारी अलीकडे बोअर किंवा तळघर खोदले का, या प्रश्नांची उत्तरे तयार असावीत. काळी खोल असलेल्या जागी मुळात अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे असतात. साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जाणारा आणि बुडाशी खोडाच्या अडीचपट व्यासाचा फुगा असलेला हा खांब फुगत्या थराच्या खाली जाऊन टेकतो. झालेल्या घराला ते करणे अवघड असते, म्हणून इंजिनिअर पायाखाली नवा आधार देण्याचे काम सुचवतील. ते एक ते दीड मीटरच्या तुकड्यांत आणि एकाआड एक करायचे असते. लगतचे दोन तुकडे एकाच वेळी उघडणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याला तिथेच थांबवावे.

भिंतीच्या दुरुस्तीचे साहित्य या सगळ्यानंतर आणावे. वर्षभर न हललेला पातळ तडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खाचून, ब्रशने झाडून, ओला करून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरता येतो. विटांच्या भिंतीतला रुंद तडा शिवून घ्यावा लागतो : दर चार ते सहा थरांनंतर आडवा सांधा खरवडून त्यात तड्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाईल अशी 6 मिमीची स्टेनलेस स्टीलची सळई मसाल्यात बसवायची. पोकळ भिंतीत नळ्या लावून सिमेंटचे पातळ ग्राउट खालून वर भरत न्यावे. इपॉक्सी हे घट्ट होणारे रसायन आर.सी.सी.तल्या स्थिर आणि कोरड्या तड्यांसाठी आहे. हलणाऱ्या वीटकामात ते भरले तर आमच्या खिडकीजवळ झाले तेच होते. हलता तडा पावसाळ्यापुरता लवचिक सीलंटने बंद ठेवावा, म्हणजे पाणी आत जात नाही आणि मोजमापही चालू राहते.

ही सगळी मांडणी मृग नक्षत्र लागण्याआधी व्हावी. पहिला मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी, जिथे पाणी अर्ध्या तासाहून जास्त थांबते तिथे काठी रोवावी आणि पाऊस उघडल्यावर तिथला उतार नीट करून घ्यावा. आतल्या भिंतींच्या रंगाचे काम मात्र पुढच्या वैशाखातल्या मोजणीनंतरच हाती घ्यावे.